'कृत्रिम सूर्या'च्या बातमीत कॉम्प्युटर कुठाय?

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावातल्या एका सिनियर कॉलेजात बीएस्सीला फिजिक्स शिकवते. आपला पेपर आमच्या स्टाफरूममध्ये रोज येतो आणि विज्ञानाची बातमी असली की पोरं ती मागून नेऊन वाचतात, म्हणून हे पत्र जरा लांबलंय तरी छापावं ही विनंती.

हलक्या अणूंची केंद्रकं एकत्र जुळून ऊर्जा निघते तिला फ्यूजन म्हणतात, सूर्यात हेच चालतं, आणि त्यासाठी वायू इतका तापवावा लागतो की त्याचे इलेक्ट्रॉन सुटे होतात, त्या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. 2022 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत 2.05 मेगाज्यूल लेझर एनर्जी टाकून 3.15 मेगाज्यूल बाहेर निघाली, 2025 च्या जानेवारीत चीनच्या ईस्ट या टोकामॅकने, म्हणजे प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात कोंडून ठेवणाऱ्या मेदूवड्याच्या आकाराच्या यंत्राने, 1066 सेकंद प्लाझ्मा टिकवला आणि पुढच्याच महिन्यात फ्रान्सच्या वेस्टने तो 1337 सेकंद, म्हणजे बावीस मिनिटांच्या वर नेला. प्रत्येक वेळी मराठी पेपरात 'कृत्रिम सूर्य' म्हणून ठळक बातमी आली, यंत्राचा फोटो आला, तापमानाचा आकडा आला. हे चांगलंच झालं. पण त्या यंत्रात जे घडतं ते आधी कॉम्प्युटरवर घडवून बघावं लागतं आणि नंतरही मिळालेला डेटा समजून घ्यायला परत कॉम्प्युटरच लागतो, याचा बातमीत सहसा उल्लेखही नसतो. त्यामुळे वाचणाऱ्या पोराला वाटतं की हे सगळं हजारो कोटींच्या यंत्रांचं काम, आपला काय संबंध. माझं म्हणणं एवढंच आहे की संबंध आहे, आणि तो साध्या लॅपटॉपपासून सुरू होतो, फक्त आम्ही कॉलेजवाल्यांनी आणि तुम्ही पेपरवाल्यांनी तो दाखवायला पाहिजे.

कॉम्प्युटर एवढा का लागतो ते आधी सांगते. फ्रान्समध्ये कादाराश इथे इटर नावाचं आंतरराष्ट्रीय टोकामॅक बांधतायत, त्यात भारत सात भागीदारांपैकी एक आहे, आणि त्याचं प्रचंड क्रायोस्टॅट (यंत्र थंड ठेवणारं बाहेरचं निर्वात भांडं) आपल्या एल अँड टीने हजिऱ्याला तयार करून पाठवलंय. इटरच्या पोटात साधारण 830 घनमीटर प्लाझ्मा असणार, दर घनमीटरला एकावर वीस शून्य एवढे कण, तापमान 15 कोटी अंश सेल्सिअस. यातला एकेक इलेक्ट्रॉन 5.3 टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात सेकंदाला जवळपास 15 हजार कोटी फेऱ्या मारतो, आणि आपल्याला बघायचंय ते काय, तर चारशे सेकंदांच्या शॉटमध्ये, म्हणजे यंत्राच्या एका खेपेत, उष्णता भिंतीकडे कशी गळते. लांबीचंही तसंच आहे, प्लाझ्मात विद्युतभार एकमेकांना जितक्या अंतरात झाकून टाकतात ती डिबाय लेंग्थ इथे मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी आणि यंत्राची मोठी त्रिज्या 6.2 मीटर. एवढ्या टोकाच्या मापांचं गणित कागदावर सुटत नाही आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या मशीनवर सरळसोट टाकलं तरी सुटत नाही. म्हणून मग कुठे काय सोडून द्यायचं हे ठरवावं लागतं. इलेक्ट्रॉनची ती गोल गोल फिरकी सरासरी काढून बाजूला ठेवली तर सहा मितींचा (स्थानाच्या तीन, वेगाच्या तीन) प्रश्न पाच मितींचा होतो, त्याला जायरोकायनेटिक्स म्हणतात, आणि टोकामॅकमधल्या टर्ब्युलन्सचं, म्हणजे प्लाझ्मातल्या खळबळीचं, बरंचसं काम आज त्याच्यावर चालतं. काय सोडलं तर चालेल आणि काय सोडलं तर उत्तर खोटं येईल हे कळायला फिजिक्स पण लागतं आणि प्रोग्रॅमिंग पण, दोन्ही एकाच डोक्यात लागतात.

जर्मनीत ग्राइफ्सवाल्डला वेंडेलस्टाइन सात-एक्स नावाचं स्टेलरेटर आहे, टोकामॅकसारखंच प्लाझ्मा कोंडणारं पण पिळलेल्या कॉइल्सचं यंत्र, 2015 च्या डिसेंबरात त्यात पहिला प्लाझ्मा आला. त्याच्या मुख्य 50 कॉइल्सचा फोटो वाचकांनी जरूर शोधून बघावा, एकही सपाट नाही, सगळ्या वेड्यावाकड्या पिळलेल्या. तो आकार कुणी कागदावर काढलेला नाही, कणांनी निसटून जाऊ नये यासाठी क्षेत्र कसं पाहिजे हे कॉम्प्युटरवर शोधत शोधत तो निघाला. स्टेलरेटरची कल्पना 1951 ची आहे, अमेरिकेच्या लायमन स्पिट्झरची, पण असा आकार शोधण्याएवढी गणनशक्ती यायला पुढची कित्येक दशकं जावी लागली.

आता पोरं नेमकं काय शिकतात किंवा शिकू शकतात त्याबद्दल. आमच्याकडे थर्ड इयरच्या प्रोजेक्टला मी एक अगदी साधा प्रश्न देते, एकसारख्या चुंबकीय क्षेत्रात एक इलेक्ट्रॉन सोडा आणि त्याचा मार्ग काढा. उत्तर पुस्तकात आहे, वर्तुळ. पोरं ऑयलरची मेथड वापरतात कारण तीच सिलॅबसमध्ये आहे, आत्ताचा वेग घ्या, त्यावरून बल काढा, छोट्या वेळाने गुणा, पुढचा वेग मिळाला, की परत तेच. ग्राफ काढला की वर्तुळ येत नाही, बाहेर बाहेर जाणारं भिरभिरं येतं. मागे एका मुलीने तो ग्राफ माझ्यापुढे धरून विचारलं, मॅडम, चुंबकीय बल तर काम करतच नाही ना, मग या इलेक्ट्रॉनला एनर्जी कुठनं आली? मला त्या प्रश्नाचा इतका आनंद झाला की पुढचा सगळा तास आम्ही त्याच्यावरच घालवला. फळ्यावर मांडलं तर दिसतं की ऑयलरच्या मेथडमध्ये प्रत्येक स्टेपला एनर्जी थोडी वाढतेच, स्टेप रेडियनच्या एक दशांश एवढी, म्हणजे एका वेळी वर्तुळावर साधारण पावणेसहा अंश पुढे जाणारी, घेतली तर दर स्टेपला एक टक्का, एका फेरीला 63 च्या आसपास स्टेप लागतात आणि तेवढ्यात एनर्जी 1.87 पट होते. मग वर्गातलं कुणीतरी म्हणतंच, स्टेप लहान करू. अर्धी केली तर एका फेरीत 1.37 पट. कमी झाली, गेली नाही. आणि इटरमधला इलेक्ट्रॉन तर सेकंदाला 15 हजार कोटी फेऱ्या मारणार.

यावर 1970 मध्ये बोरिस नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने दिलेली युक्ती आहे, प्लाझ्मावाले तिला बोरिस पुशर म्हणतात. विद्युत क्षेत्राचा अर्धा धक्का आधी द्यायचा, मग चुंबकीय क्षेत्राने वेगाची दिशा नुसती फिरवायची, मग उरलेला अर्धा धक्का. मधल्या टप्प्यात वेग फिरतो पण त्याचं माप बदलत नाही, त्यामुळे विद्युत क्षेत्र नसेल तर एनर्जी जशीच्या तशी राहते, मग लाख फेऱ्या होऊ द्या. पायथॉनमध्ये हे दहा-पंधरा ओळींचं काम आहे. कणांचा माग ठेवणारे जगातले कितीतरी मोठमोठे प्लाझ्मा कोड आजही हीच युक्ती किंवा तिचीच भावंडं वापरतात. म्हणजे तालुक्याच्या कॉलेजातलं पोरगं एका दुपारी जे लिहितं तेच सुपरकॉम्प्युटरवर कोट्यवधी कणांसाठी चालतं, ही गोष्ट पोरांना सांगितली की त्यांच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो तो बघण्यासारखा असतो.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे पार्टिकल-इन-सेल. खरे कण मोजण्यापलीकडचे म्हणून एकेका हिशोबी कणात लाखो-कोटी खरे कण धरायचे, जागा चौकटींमध्ये वाटायची, कणांचा भार चौकटींच्या कोपऱ्यांवर टाकायचा, त्यावरून पॉयसनचं समीकरण सोडवून विद्युत क्षेत्र काढायचं, ते परत कणांच्या जागी आणायचं, कण ढकलायचे, आणि हेच चक्र चालू ठेवायचं. बुनमन आणि डॉसन या मंडळींनी 1960 च्या आसपास हे अगदी थोड्या कणांवर सुरू केलं. आज साध्या लॅपटॉपवर एका मितीत लाखभर कण सहज फिरतात. समोरासमोरून येणारे इलेक्ट्रॉनचे दोन झोत सोडले की थोड्या वेळाने ते अस्थिर होतात आणि स्थान-वेगाच्या ग्राफवर डोळ्यासारखे भोवरे उठतात. दिसायला सुंदर आहे, पण मी पोरांना ग्राफ सुंदर आलाय म्हणून मार्क देत नाही. दोन्ही झोत सारखे असतील तर ती अस्थिरता जास्तीत जास्त प्लाझ्मा फ्रिक्वेन्सीच्या (जागेवरून हलवलेले इलेक्ट्रॉन ज्या गतीने मागेपुढे झुलतात तिच्या) साधारण 0.35 पट वेगाने वाढते हे कागदावर काढता येतं, तुमच्या प्रोग्रॅममधून किती येतं ते मोजून दाखवा, चौकट लहान करून परत मोजा, कण दुप्पट करून परत मोजा. चौकट डिबाय लेंग्थपेक्षा फार मोठी ठेवली तर प्लाझ्मा आपोआप गरम व्हायला लागतो, निसर्गात तसं काही घडत नसताना, आणि ज्याने हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं तो पुन्हा कधी कॉम्प्युटरमधनं आलंय म्हणून आकडा खरा मानत नाही. माझ्या मते साइंटिफिक कॉम्प्युटिंगचं शिक्षण म्हणजे मुळात हेच आहे, भाषा कुठली वापरली हा प्रश्न फार नंतरचा.

आणि इथेच आमच्या शिक्षणाचं दुखणं आहे. कितीतरी कॉलेजांच्या लॅबमध्ये अजून टर्बो सी या सी भाषेच्या जुन्या सॉफ्टवेअरचा तो निळा स्क्रीन चालू आहे, तीसेक वर्षांपूर्वीचा. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये प्रोग्रॅम छापून चिकटवायचा, आउटपुट हाताने लिहायचं, परीक्षेत तोच पाठ करून उतरवायचा. सिम्पसनचा नियम, न्यूटन-रॅफसन, रुंगे-कुट्टा, सगळं सिलॅबसमध्ये आहे, नाही असं नाही, पण उत्तर बरोबर आलं का ते कसं तपासायचं हे कुणी विचारत नाही आणि त्याला मार्कही नाहीत. स्टेप अर्धी केल्यावर चूक किती पटीने कमी झाली हा एक प्रश्न जरी तोंडी परीक्षेत विचारायला सुरुवात झाली तरी शिकवायची पद्धत बदलेल. शिक्षकांनाही दोष देता येत नाही, अर्ध्या जागा तासिका तत्त्वावर, माणूस दोन-तीन कॉलेज फिरून तास घेतो, त्याने नवीन शिकायचं कधी. कॉम्प्युटर लॅब असली तरी तिची किल्ली कुणाकडे, लाइट किती वाजता जाते, हे सगळं तुमच्या वाचकांना माहीत आहे, ते लिहीत बसत नाही.

ज्या गोष्टी आपल्याकडे आहेत त्या तरी लोकांना माहीत व्हाव्यात. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे, त्यात लिनक्स, पायथन, सी, सायलॅब, लाटेक असले विषय छोट्या छोट्या व्हिडिओंतून शिकवलेत, त्यातले कितीतरी मराठीतून आहेत आणि सगळं फुकट. इंग्रजीला बिचकणाऱ्या पोरांना मी आधी तिथेच बसवते, दोन-तीन आठवड्यांत कमांड लाइनची भीती जाते. प्लाझ्माचं फिजिक्स शिकायचं तर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन मंचावर कोर्स आहेत, आणि अमेरिकेतली प्रिन्स्टनची प्लाझ्मा लॅब दर उन्हाळ्यात फ्यूजन आणि प्लाझ्माची जी ओळख-व्याख्यानं ठेवते ती कुणालाही घरबसल्या बघता येतात. पायथनमध्ये प्लाझ्माच्या हिशोबांसाठी प्लाझ्मापाय हे पॅकेज आहे. वॉरविक विद्यापीठातून आलेला एपॉक हा पार्टिकल-इन-सेल कोड आहे, तो फोरट्रानमध्ये आहे, आणि पोरं नाक मुरडतात म्हणून मुद्दाम सांगते, 1957 साली बाजारात आलेली ही भाषा फ्यूजनमध्ये आजही रोजच्या वापरात आहे, वाचता येण्याएवढी तरी यायलाच पाहिजे. अमेरिकेतल्या बर्कली लॅबच्या पुढाकाराने तयार झालेला वॉर्पएक्स हा तसाच कोड, ज्याला 2022 चं सुपरकॉम्प्युटिंगमधलं गॉर्डन बेल पारितोषिक मिळालं, तोही सगळ्यांसाठी उघडा आहे, एकेक ओळ वाचता येते. असं दार आमच्या विद्यार्थीदशेत कुठे होतं! तेव्हा कोड कुणाच्या तरी ओळखीने मिळायचा. आता ब्रिटनच्या मास्ट टोकामॅकच्या जुन्या शॉट्सचा खरा डेटासुद्धा कुणालाही बघायला खुला केलेला आहे.

मशीन लर्निंगचं वेड सगळ्या पोरांना आहे, त्यावरही एक शब्द. 2022 मध्ये डीपमाइंड ही गूगलची एआय कंपनी आणि स्वित्झर्लंडच्या लोझानमधल्या शास्त्रज्ञांनी तिथल्या टीसीव्ही टोकामॅकमध्ये प्लाझ्माचा आकार न्यूरल नेटवर्ककडून सांभाळून दाखवला. काम मोठंच आहे. पण ते नेटवर्क शिकलं कशावर, तर प्लाझ्माच्या सिम्युलेटरवर, म्हणजे समीकरणं सोडवणाऱ्या कोडवर. ते कोड ज्यांना लिहिता आणि तपासता येतात त्यांच्याशिवाय पुढचं काही होत नाही, म्हणून एआयचा कोर्स केला की डिफरन्शियल इक्वेशन्स सोडून दिली तरी चालतील असं कुणी पोरांना सांगत असेल तर कृपा करून सांगू नका.

देशात हे काम मुख्यतः गांधीनगरजवळ भाट गावात इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्चमध्ये चालतं. आदित्य टोकामॅक तिथे 1989 पासून आहे, नंतर त्याचं आदित्य-यू झालं, सुपरकंडक्टिंग मॅग्नेटवालं एसएसटी-1 पण तिथेच. त्यांचा स्वतःचा सुपरकॉम्प्युटर आहे आणि त्यावर चालणाऱ्या कामाबद्दल 'गणनम्' नावाचं न्यूजलेटर ते वेबसाइटवर टाकतात, त्यात खरे प्रश्न आणि खऱ्या अडचणी असतात, शिक्षकांनी तरी ते वाचावं. उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना तिथे प्रोजेक्ट करायची संधी मिळते. पण जळगाव-नंदुरबारकडनं एका रात्रीच्या प्रवासावर असलेली ही संस्था आमच्या भागातल्या किती पोरांना नावाने माहीत आहे ते वर्गात विचारून बघा, एखादा हात वर होतो, कधी तोही नाही.

आणि महाराष्ट्राने तर या बाबतीत मागे राहायचं काही कारणच नाही. 1955 मध्ये जिनिव्हाच्या अणुऊर्जा परिषदेत अध्यक्षपदावरून वीस वर्षांच्या आत फ्यूजनची ऊर्जा ताब्यात आणायची रीत सापडेल असं सांगणारे डॉ. होमी भाभा मुंबईचे. वीसची सत्तर वर्षं झाली, अजून वीज आलेली नाही, पण अडचण किती खोल आहे हे आपल्याला कळलं त्यात सिम्युलेशनचा वाटा फार मोठा आहे. सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था पुण्यात 1988 ला निघाली, तेव्हा परदेशातून सुपरकॉम्प्युटर मिळणं दुरापास्त होतं, आणि 1991 मध्ये परम 8000 हा सुपरकॉम्प्युटर उभा करून दाखवणारे डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत परम ब्रह्म आहे, 2024 मध्ये जाहीर झालेल्या परम रुद्र मशीनपैकी एक पुणे जिल्ह्यातल्याच जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी आहे. मशीन आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांच्या शेजारी येऊन बसली, त्यावर चालवायचा कोड लिहिणारी पोरं मात्र आपण तयार करत नाही, असं म्हणायची पाळी येऊ नये म्हणून तळमळीने लिहितेय.

पालक विचारतात, हे शिकून नोकरी कुठे. फ्यूजनमध्ये जागा थोड्या आहेत, मी खोटं सांगत नाही. पण ज्याला समीकरण कोडमध्ये उतरवता येतं, कोड वेगात चालवता येतो, शंभर प्रोसेसरवर वाटता येतो आणि उत्तर खरं की खोटं ते तपासता येतं, त्याला हवामान, विमानाची रचना, सेमीकंडक्टर, उपग्रह, औषधं, कुठेही काम आहे. चिप बनवायच्या कारखान्यात सिलिकॉन कोरायला प्लाझ्माच वापरतात, तिथेही याच पद्धतीची सिम्युलेशन चालतात.

विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांकडे माझी मागणी लहान आहे. बीएस्सी फिजिक्सच्या प्रॅक्टिकलमधून टर्बो सी काढून लिनक्स आणि पायथन आणा, पाठ केलेल्या प्रोग्रॅमला मार्क देणं बंद करा, आणि शेवटच्या वर्षाला एक सिम्युलेशन प्रोजेक्ट सक्तीचं करा, ज्यात एनर्जी टिकली का, स्टेप बदलल्यावर उत्तर बदललं का, हे दाखवल्याशिवाय पास नाही. याला नवीन इमारत लागत नाही, नवीन पद लागत नाही, जुन्या मशीनवर लिनक्स टाकलं तरी चालतं. सी-डॅक, आयसर अशा संस्थांनी सुट्टीत तालुक्याच्या शिक्षकांना आठ-पंधरा दिवस बोलावून खऱ्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या अनेक कॉम्प्युटरवर) जॉब कसा टाकतात, रांग कशी लागते, एकच काम अनेक प्रोसेसरवर वाटायला वापरतात ते एमपीआय म्हणजे काय हे हाताने करायला लावलं तर त्याचा फायदा पुढे वर्षानुवर्षं पोरांना होईल.

आणि आपल्याकडे मागणी अशी, की पुढच्या वेळी फ्यूजनची बातमी येईल तेव्हा तिच्याखाली चार ओळींची एक चौकट द्या, त्या प्रयोगामागे कुठला कोड होता, तो खुला आहे का, विद्यार्थ्यांना तो कुठून घेता येईल. माहिती जमवायला माणूस कमी पडत असेल तर माझ्यासारखे शिक्षक बिनपैशात लिहून द्यायला तयार आहेत, मी स्वतः दर महिन्याला एक टिपण पाठवीन. पहिलं टिपण त्या इलेक्ट्रॉनच्या वर्तुळाचं आहे, पंधरा ओळींच्या प्रोग्रॅमसकट, ते या पत्रासोबत जोडलंय, जागा असेल तर ते आधी छापा, पत्र मागाहून छापलं तरी चालेल.

आपली,
फिजिक्सची एक प्राध्यापिका
(नाव-पत्ता संपादकांकडे दिला आहे)